चौदा नंबरची खोली

खोलीसाहेबांना खोलीसाहेब हे नाव बंदरातल्या लोकांनी दिलं. ते घरापर्यंत आणून सगळ्या नातेवाइकांत वाटायचं काम मात्र त्यांच्या धाकट्या भावाने केलं. साहेबांची नोकरीच तशी होती. छोट्या लाँचमधून बंदरभर हिंडायचं, वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडायची आणि तळ किती खाली लागतो ते वहीत लिहायचं. पुढे दोरी गेली, यंत्र आलं, वही तेवढी राहिली. छत्तीस वर्षं हा माणूस रोज डबा घेऊन खोली मोजायला जायचा, आणि त्याची बायको घरात खोली शोधायची.

बायको म्हणजे काकू. सगळं जग त्यांना काकूच म्हणे, म्हणून आपणही म्हणू. लग्न होऊन त्या आल्या तेव्हा तीन खोल्यांत नऊ माणसं होती. नव्या जोडप्याच्या वाट्याला स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधला बोळ आला. त्याला फुलाफुलांचा पडदा लावलेला. पडद्याला कडी नसते. ज्याला हात धुवायचे असत तो आधी खोकत असे आणि मग सरळ आत शिरत असे, एवढीच काय ती अदब. साहेबांनी कामावरच्या क्वार्टरसाठी अर्ज केला होता आणि काकू त्या अर्जाकडे डोळे लावून बसल्या होत्या.

मग एका दुपारी साहेब धावतपळत घरी आले. चपलासुद्धा न काढता ओरडले, "खोली मिळाली! चौदा!"

काकूंनी पुढचं काही ऐकलंच नाही. ट्रंक ओढली, साड्या भरल्या, पडद्याची दोरी सोडून पडदा घडी करून ठेवला, शेजारणीला चौदा नंबरच्या क्वार्टरला कधी यायचं ते सांगून आल्या, सासूबाईंच्या पाया पडल्या. साहेब बाहेरच्या खोलीत वडिलांना आनंदाने सांगत होते की गाळ उपसून नव्या वाटेला अखेर चौदा मीटर खोली मिळाली, आता मोठी जहाजं आत येतील. काकू ट्रंक घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "निघायचं ना?"

घर हसून हसून लोळलं. ट्रंक नऊ माणसांदेखत उघडावी लागली. पडदा परत लावताना काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं, ते कुणी पाहिलं नाही कारण सगळ्यांच्याच डोळ्यांत हसून पाणी आलं होतं. क्वार्टर काही मिळालं नाही. तेव्हापासून चाळीस वर्षं भाऊजी, म्हणजे तोच धाकटा भाऊ, प्रत्येक लग्नात, बारशात आणि एकदा तर डॉक्टरच्या बाकावर बसून हा किस्सा सांगत आले. शेवटी ट्रंकेचा आवाजसुद्धा काढून दाखवत.

पुढे घर बदललं, पण काकूंना खोली काही लाभली नाही. एक खोली सासूबाईंच्या आजारपणाला गेली, एक मुलींच्या अभ्यासाला. मुली उडून गेल्यावर काकूंनी रिकाम्या खोलीत एक खुर्ची नेऊन ठेवली. आठवड्याभरात त्या खुर्चीवर दोरांची वेटोळी बसली, कारण निवृत्त झालेल्या साहेबांनी शिडाची बोट घ्यायची ठरवली होती आणि त्या खोलीचं नाव बोटीची खोली पडलं होतं.

बोट आली ती नुसतं टरफल. छत्तीस फूट लांब, बाहेरून चकाचक, आतून मोकळा हौद. आतली घडण मिस्त्रीकडून करून घ्यायची आणि मग दोघांनी सहा महिने किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचं, असा बेत होता. काकूंना पाण्याची भीती नव्हती. त्यांची अट एकच होती.

"मला खोली हवी. दाराची. आतून कडी लागणारी. असेल तर येते, नसेल तर तुम्ही जा आणि दोरांना सोबत न्या."

साहेब विचारात पडले. मग म्हणाले, "अगं, खोली बोटीत नसते. बोटीखाली असते."

हा विनोद त्यांनी केला तेव्हा काकू कणीक मळत होत्या. पुढचे दोन दिवस साहेबांना पोळ्या जरा जाडच मिळाल्या.

खरी अडचण साहेबांची नव्हती, भाऊजींची होती. भाऊजी आयुष्यात तीनदा बोटीत बसले होते आणि त्यातल्या दोनदा बोट धक्क्याला बांधलेली होती. पण नाकाने कांदे सोलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. "दादा, माणसाने बोट घेतली की घरातली सगळी मावली पाहिजेत. आठ जण झोपतील! पुढच्या टोकाला तिकोनी पलंग, दोघं. बैठकीचं टेबल खाली उतरवलं की पलंग, दोघं. समोरच्या बाकावर एक, त्याच्या वरच्या फळीवर एक. आणि मागे सुकाणूच्या खाली बोगदा काढायचा, त्यात आम्ही दोघं. शनिवार-रविवार आम्ही आहोतच."

साहेबांना धाकट्या भावाला नाही म्हणता येत नसे. ते म्हणत, "बघू." त्या घरात "बघू" म्हणजे काय ते काकूंना चाळीस वर्षांत पाठ झालं होतं.

म्हणून काकूंनी एका रविवारी दुपारी खडू हातात घेतला. सोफा भिंतीला लावला आणि हॉलच्या फरशीवर अख्खी बोट खऱ्या मापाने काढली. राहायची जागा सत्तावीस फूट आणि हॉल वीस, त्यामुळे पुढचं टोक बाल्कनीत गेलं आणि मागचा भाग स्वयंपाकघराच्या वाटेत. संडास नेमका टीव्हीच्या जागी आला. उतरायची शिडी म्हणून त्यांनी डबे काढायचं स्टूल ठेवलं. शिडीच्या डाव्या हाताला ओटा, तोही तीन बाजूंनी वेढलेला, म्हणजे बोट कलली तरी कमरेने टेकून उभं राहता येईल. भाऊजी आणि त्यांची बायको चहाला येणार होतीच. जावेने दारातूनच रंग पाहिला आणि डोकं दुखतंय म्हणून परत गेली. ती शहाणी होती.

"आज सगळ्यांनी रेघांच्या आतून चालायचं," काकू म्हणाल्या. "भाऊजी, थांबा. तुम्ही आत्ता भिंतीतून आलात."

भाऊजी बाहेर गेले आणि स्टुलावरून उतरले.

"आता बसा. नाही, तिथे नाही. तो संडास आहे."

भाऊजींनी चहाचा कप घेऊन बैठक गाठली, तर मध्ये डोलकाठीचा खांब होता. काकूंनी तिथे केरसुणी उभी केली होती. चहा सांडला. मग काकूंनी त्यांना बोगद्यात झोपून दाखवायला लावलं. बोगदा म्हणजे जेवणाच्या टेबलाखालची जागा, कारण वर तेवढीच उंची मिळणार होती. भाऊजी आत सरपटले, पाय अडकले, शिंक आली, आणि कपाळ टेबलाला असं आपटलं की वरची बरणी हलली. साहेब गालातल्या गालात हसले. काकूंना वाटलं, जिंकले.

पण भाऊजी कपाळ चोळत बाहेर आले ते बोट दाखवतच. "आणि वहिनी, हे काय? शिडीच्या उजवीकडे हा चौकोन कसला?"

"खोली."

"किती?" साहेबांच्या तोंडून आपसूक निघालं.

"काय किती?"

"खोली किती?"

आणि झालं. भाऊजींनी ट्रंकेचा आवाज काढला. हसून हसून बैठकीवरून संडासात गेले. मग डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, बोटीत अशी चैन नसते हो. इथे शिडांचा कप्पा करा. जादाची शिडं ठेवायला मोठा कप्पा लागतोच. काय दादा?"

साहेबांनी काकूंकडे पाहिलं नाही. ते म्हणाले, "कप्पा हवाच. शिडं ओली राहिली तर कुजतात." आणि खिशातून टेप काढून, गुडघे टेकून, त्यांनी काकूंचा चौकोन मोजला. लांबी मोजली, रुंदी मोजली, परत एकदा लांबी मोजली. काकूंना असं झालं की आपल्याच डोळ्यांदेखत आपली जागा शिडांच्या नावावर होतेय. त्यांनी बादली आणली आणि फरशी पुसायला घेतली. साहेब अजून टेप धरून आत बसले होते, तर त्यांच्याभोवतीनेच पुसली.

मनातून मात्र त्यांना फार लागलं होतं. भाऊजी परके नाहीत पण दुसऱ्या घरचे. साहेब तर आपले! ज्या माणसाने तो पडदा पाहिला होता, पडद्याच्या आत राहिला होता, त्याला एक दार द्यायला जड जावं?

चार दिवसांनी काकू थर्मास घेऊन मिस्त्रींच्या शेडवर गेल्या. बोट लाकडी टेकूंवर उभी होती आणि आत जायला बांबूची शिडी होती. मिस्त्री पन्नाशीचे, कानावर पेन्सिल, भुवयांत भुसा. बोलणं कमी आणि तेही तिरकं.

"मिस्त्री, शिडीच्या उजवीकडे काय करताय?"

"कागदावर आहे ते."

"मी सांगते ते करा ना."

"काकू, मी तोंडी ऐकत नाही. मागच्या बोटीवर नवरा एक बोलला, बायको दुसरं बोलली, मी केलं तिसरं. नांदतात अजून, पण माझ्याशी बोलत नाहीत. कागद तिकडे खिळ्याला आहे. तुम्ही बसा, मी पेले धुऊन आणतो."

मिस्त्री पेले घेऊन नळावर गेले आणि काकू खिळ्याकडे. साहेबांचं पेन्सिलीतलं टोकदार अक्षर. ओट्याला पुढून कठडा, म्हणजे भांडी घसरणार नाहीत. शेगडी झुलती. फळ्यांना बोटभर उंच काठ. झोपायच्या बाकांना कापडी पडदी, कललं तरी माणूस खाली पडू नये म्हणून. प्रत्येक कामाला नंबर. आणि सगळ्यात खाली:

"१४. शिडांचा कप्पा. उंची सहा फूट, रुंदी साडेतीन, खोली साडेसहा."

शिडांना साडेसहा फूट! काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्याच वेळी त्यांचा हात पर्समध्ये गेला. काकूंना रोज शब्दकोडं सोडवायची सवय होती, त्यामुळे पर्समध्ये खोडरबर कायम असे. नळाचा आवाज येत होता. मिस्त्री दोन पेले धुवायला एवढा वेळ का लावताहेत हा प्रश्न पडण्याइतकी उसंत त्यांना नव्हती. त्यांनी "शिडांचा कप्पा" खोडला. "उंची सहा फूट, रुंदी साडेतीन" खोडलं. शेवटचं "साडेसहा" खोडलं. फुंकर मारली. कागदावर उरलं एवढंच:

"१४. खोली."

वाचून काकूंना हसू फुटलं आणि रडूही. चाळीस वर्षांपूर्वी हेच दोन शब्द ऐकून त्यांनी ट्रंक भरली होती. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि मिस्त्री आले तेव्हा त्या मोठ्या साळसूदपणे रंध्याची तारीफ करत होत्या.

पुढचे दोन महिने काकूंचे धास्तीत गेले. पाप पचत नाही म्हणतात तसं झालं. साहेब शेडवरून आले की त्या चेहरा वाचत. साहेबांचा चेहरा म्हणजे भरतीचं पाणी, तळ दिसेल तर शपथ. एकदा ते जेवताना म्हणाले, "मिस्त्री कागदाबाहेर जात नाही, हे बरं." काकूंनी घाईघाईने त्यांना आणखी आमटी वाढली. एकदा त्यांनी विचारलं, "तुला उशी उंच लागते की बसकी?" काकू म्हणाल्या, "मी येणार आहे असं कुणी सांगितलं?" साहेब म्हणाले, "बघू."

शेवटी काम पुरं झालं आणि चौघं शेडवर जमली. जावेचं डोकं याही वेळी दुखत होतं, म्हणजे चौथे मिस्त्री. भाऊजी सगळ्यांत आधी उतरले. ओट्यावर बोटं वाजवली, टेबल वरखाली केलं, पुढच्या तिकोनी पलंगावर लोळून घेतलं. काकू शिडीशीच उभ्या राहिल्या. उजव्या हाताला सागवानी दार होतं, बंद. त्यांना त्याच्याकडे बघायचा धीर होईना.

"आणि हा आपला शिडांचा कप्पा!" म्हणत भाऊजींनी दार उघडलं.

आत कप्पा नव्हता. एक अरुंद पलंग होता, पायांकडे वरचं छत थोडं उतरत आलेलं. डोक्याशी पुस्तकं मावतील अशी काठवाली फळी. दाराशी ताठ उभं राहायला आणि साडी बदलायला पुरेल इतकी जागा. भिंतीत ताटाएवढी गोल खिडकी, आणि खिडकीखाली घडीची एक फळी, जिच्यावर फक्त कोडं सोडवता येईल.

"मिस्त्री! हे काय? कप्पा कुठंय?"

मिस्त्रींनी खिशातून कागद काढून पुढे धरला. "चौदा नंबर. खोली. खोली केली."

"अहो, खोली म्हणजे ती खोली नव्हे! खोली म्हणजे... दादा, तूच बघ काय लिहिलंयस!"

साहेबांनी चष्मा लावला. कागद उजेडात धरला. खोडलेल्या जागेवर पेन्सिलीची खूण स्पष्ट दिसत होती, आंधळ्यालाही दिसली असती. साहेबांनी कागदाकडे पाहिलं, चष्म्यावरून काकूंकडे पाहिलं. काकूंनी झुलत्या शेगडीला झोका दिला आणि तिच्याकडे बघत बसल्या.

"माझीच चूक," कागद मिस्त्रींना परत देत साहेब म्हणाले. "घाईत शब्द गळले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा."

"मग तोडून टाका!"

"तोडली तर बोट कमकुवत होईल," मिस्त्री ठामपणे म्हणाले. हे शंभर टक्के खोटं होतं.

"मग शिडं कुठे ठेवणार?"

"बोगद्यात," साहेब म्हणाले. "कोरडी जागा आहे. तू कपाळ आपटून पाहिलीच आहेस."

"आणि आम्ही?"

"बघू," साहेब म्हणाले.

भाऊजी वर गेले, बांबूच्या शिडीवरून उतरले आणि आपण भिंतीतून तर जात नाही ना, असं बघत शेडबाहेर पडले. साहेब त्यांची समजूत काढायला मागोमाग गेले. काकू आणि मिस्त्री उरले.

"मिस्त्री," काकू हळूच म्हणाल्या, "तुम्हाला एक कबूल करायचंय. त्या कागदावर मी..."

"खोडलंत. दिसलं मला. पेले तीनदा धुतले." मिस्त्री दाराच्या बिजागरीला तेल देत होते. "पण कशाला खोडलंत ते कळलं नाही. हे दार तर मी आदल्याच दिवशी कापून ठेवलं होतं."

"दार? शिडांच्या कप्प्याला?"

"आता तुम्हीच सांगा काकू, सहा फूट उंच, साडेतीन रुंद आणि साडेसहा आत, याला कुणी कप्पा म्हणतं का? भाऊजींना मापं कळत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी कप्पा. वर साहेब म्हणाले, आतून कडी लावा. मी म्हटलं, शिडांना आतून कडी? तर म्हणाले, शिडं लाजरी असतात."

काकूंनी दाराची कडी पाहिली. पितळेची होती.

"तुम्ही तर तोंडी ऐकत नाही म्हणाला होतात."

"त्यांनी कानात सांगितलं. ते वेगळं." मिस्त्रींनी कागद त्यांच्या हातात दिला. "आणि नंबर वाचा नीट. वरून."

काकूंनी वाचले. दहा. अकरा. बारा. चौदा.

"तेरा कुठंय?"

"हेच मी विचारलं. म्हटलं साहेब, एक नंबर गाळलात. म्हणाले, गाळला नाही, सोडला. तिची खोली चौदा नंबरची आहे, खूप वर्षं अडकलीय." मिस्त्री तेलाची डबी घेऊन उठले. "मी नळावर जातो. पेले धुवायचे राहिलेत."

काकू आत गेल्या. दार लावलं. कडी घातली. पलंगावर बसल्या आणि मग एवढा वेळ धरून ठेवलेलं रडू त्यांनी मनसोक्त येऊ दिलं. खोकत कुणी आत आलं नाही. कुणाला हात धुवायचे नव्हते. खडूच्या चौकोनात टेप घेऊन बसलेला तो माणूस त्यांना आठवला, लांबी दुसऱ्यांदा मोजणारा, आणि त्याच्याभोवती आपण पोतेरं फिरवलं हेही आठवलं. रडता रडता त्यांना हसू आलं.

बाहेर शिडीवर पावलं वाजली. पावलं दारापाशी थांबली. मग टकटक झाली.

काकूंनी डोळे पुसले, साडी सारखी केली, ताठ बसल्या. आयुष्यात हा प्रश्न विचारायची त्यांना कधी सोयच नव्हती.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"खोलीसाहेब."

"काय काम आहे?"

"खोली मिळाली का, ते विचारायला आलो."

काकूंचा हात कडीवर गेला होता. तो त्यांनी परत घेतला.

"नीट ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "परत वाजवा."

साहेबांनी परत दार वाजवलं.